शहर बघायचं की उरकायचं?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. तुमच्या रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या मोठ्या शहरांवर जे लेख येतात ते मी नेमाने वाचते, आवडतातही, पण एक गोष्ट सारखी खटकायला लागली म्हणून हे पत्र. लंडन असो, पॅरिस असो की टोकियो, लेख एकच असतो. बघायलाच हवीत अशी दहा ठिकाणं, दोन दिवसांत काय काय बसवता येईल, फोटो कुठून चांगला येतो, आणि शेवटी 'या शहराने मनात घर केलं' असं वाक्य. अहो, दोन दिवसांत दहा ठिकाणं केल्यावर घर करायला त्या शहराला वेळ कधी मिळाला?

आधीच सांगते, मी ग्रुप टूरच्या विरोधात नाही. स्वतः गेलेली आहे आणि ज्या वेळी गेले त्या वेळी तेच बरोबर होतं. व्हिसाची कटकट नको, भाषेची भीती नको, गुडघे दुखत असतील तर हॉटेलच्या दारात बस येते, आणि आपल्या आधीच्या पिढीतल्या कित्येकींना टूर नसती तर परदेश बघायलाच मिळाला नसता. त्याला नावं ठेवणारे, आम्ही कसे बॅगपॅक लावून एकटे हिंडतो म्हणून नाक वर करणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत. माझं म्हणणं एवढंच की डोंगर, समुद्र, किल्ला हे यादीने बघून चालतं, मोठं शहर यादीने बघायला गेलं की हातात यादीच राहते.

ही पद्धत तशी जुनीच. 5 जुलै 1841 ला थॉमस कुक नावाच्या माणसाने इंग्लंडमध्ये लेस्टरहून लफबरोला पाचेकशे लोकांना रेल्वेने नेऊन आणलं, तेही दारूबंदीच्या सभेसाठी, आणि तिथून पुढे संघटित पर्यटनाचा धंदा उभा राहिला. 1855 ला तो लोकांना ब्रिटनबाहेर युरोप खंडात घेऊन गेला, पॅरिसचं प्रदर्शन त्याच ट्रिपमध्ये. त्याच सुमाराला जर्मनीत कार्ल बेडेकर (नाव मराठी वाटलं तरी माणूस कोब्लेंझचा) गाइडबुकं छापत होता, आणि महत्त्वाच्या जागांपुढे तारा छापायची पद्धत त्याने आणली. आता आपण फोनवर चार पूर्णांक सात रेटिंग बघतो ते त्याच ताऱ्याचं पणतवंड. त्या काळी या दोघांनी सामान्य माणसाला प्रवास शक्य करून दिला हे मोठंच काम. फक्त झालं काय की तारा असलेल्या जागी गर्दी आणि बिनताऱ्याच्या गल्लीत कुणी नाही, हे तेव्हापासून जे सुरू झालं ते आजपर्यंत.

पॅरिसच्या लूव्र म्युझियमचं उदाहरण घ्या. 2024 मध्ये तिथे सुमारे 87 लाख लोक गेले, आणि म्युझियमच्याच म्हणण्याप्रमाणे त्यातले बहुतेक मोनालिसासाठी येतात. चित्र केवढं, तर 77 सेंटिमीटर बाय 53, काचेच्या मागे, पुढे रांगेचे पट्टे, आणि तुमची पाळी आली की काही सेकंदांत स्टाफ पुढे व्हा पुढे व्हा करतात. मी त्या हॉलमध्ये होते तेव्हा माझ्या समोर मोनालिसा नव्हतीच, हात वर करून धरलेले फोन होते, आणि प्रत्येक फोनच्या स्क्रीनवर एक-एक छोटी मोनालिसा. गंमत पुढे आहे. तिच्या बरोबर समोरच्या भिंतीवर व्हेरोनेझ या जुन्या इटालियन चित्रकाराचं, बायबलमधल्या काना गावातल्या लग्नाचं चित्र आहे, जवळपास दहा मीटर रुंद आणि पावणेसात मीटर उंच, म्युझियममधलं सगळ्यात मोठं, शंभराच्या वर माणसं रंगवलेली, वाजवणारे, वाढणारे, कुत्री, मांजर, वरच्या सज्जातून वाकून बघणारे. अख्खी गर्दी त्याच्याकडे पाठ करून उभी होती. मी वळून त्याच्याकडे बघत बसले तर आमच्या गाइडबाईंनी खांद्याला हात लावला, मॅडम ग्रुप पुढे गेला. त्यांचंही चुकलं नाही, कोच पार्किंगची वेळ ठरलेली असते आणि पन्नास माणसांचा मेळ घालायचा असतो. आता मोनालिसाला स्वतंत्र खोली देणार असं फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी जानेवारी 2025 मध्ये जाहीर केलंय, म्हणजे यादीवाल्यांचं काम अजून सोपं होईल आणि बाकी म्युझियमला कदाचित श्वास घेता येईल, बघू.

पण माझी खरी तक्रार गर्दीची नाही. टूरमध्ये आपल्याला शहरातल्या जागा दिसतात, दोन जागांच्या मधलं शहर दिसत नाही. एसी कोचमध्ये बसायचं, माइकवर डावीकडे बघा उजवीकडे बघा, निम्मी मंडळी पहाटे उठल्यामुळे डुलक्या घेतायत, मग दार उघडतं, एक जागा, परत दार बंद. संध्याकाळी कुणी विचारलं की तो पूल आणि तो चौक एकमेकांपासून किती लांब तर सांगता येत नाही. आणि हे फक्त टूरवाल्यांचंच होतं असं नाही बरं का, स्वतःच्या स्वतः फिरणारेही फोनमधल्या निळ्या ठिपक्याच्या मागे चालत राहतात त्यांचंही तेच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी 2017 मध्ये यावर एक अभ्यास छापला होता, 24 जणांना लंडनमधल्या सोहो भागाची सिम्युलेशन दाखवून मेंदूचं स्कॅनिंग केलं. स्वतः रस्ता शोधत होते तेव्हा नवीन गल्लीशी आल्यावर मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या, जागा आणि रस्ते लक्षात ठेवायला मदत करणाऱ्या भागात हालचाल वाढायची, आणि नुसत्या सूचना पाळत होते तेव्हा तशी वाढ दिसली नाही. त्याच्या आधी 2000 साली तिथल्याच टॅक्सी ड्रायव्हरांवरचा अभ्यास गाजला होता, त्या लोकांना लायसन्ससाठी शहराच्या मध्यावरच्या चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले सुमारे 25,000 रस्ते पाठ करावे लागतात, आणि त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा निघाला. आता आपल्याला काही टॅक्सी चालवायची नाहीये. पण शहर लक्षात का राहत नाही याचं उत्तर यात थोडंफार आहे असं मला वाटतं, वळायचं कुठे हे आपण ठरवलंच नाही तर लक्षात ठेवायला शिल्लक काय राहणार.

लंडनच्या ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या नकाशाचं तर वेगळंच. हॅरी बेक नावाच्या ड्राफ्ट्समनने तो बनवला, 1933 ला छापला गेला, इलेक्ट्रिकच्या सर्किटसारख्या सरळ रेषा, सगळी स्टेशनं सुटसुटीत अंतरावर. अप्रतिम काम आहे, जगभर त्याची नक्कल झाली. पण त्यात खरं अंतर दाखवलेलंच नाही, त्यामुळे नवखा माणूस लेस्टर स्क्वेअरला खाली उतरतो, प्लॅटफॉर्म शोधतो, गाडीची वाट बघतो, कॉव्हेंट गार्डनला परत वर येतो, आणि ही दोन स्टेशनं एकमेकांपासून तीनशे मीटरही नाहीत! वरून चालत गेला असता तर आधी पोचला असता आणि वाटेत नाटकांची थिएटरं, जुनी दुकानं, कोपऱ्यावर वाजवत बसलेला कुणीतरी, सगळं दिसलं असतं. शेवटी तिथल्या वाहतूक खात्यानेच स्टेशनांमध्ये चालायला किती मिनिटं लागतात याचा वेगळा नकाशा काढला.

मग मोकळं फिरणं म्हणजे काय, तर माझ्या मते त्यात धाडस बिडस काही नाही. एक शहर, एकच मुक्काम, आणि सलग काही दिवस, त्यातले निदान अर्धे बिनप्लॅनचे. पहिल्या दिवशी ती छप्पर उघडी टुरिस्ट बस घ्यायची असेल तर खुशाल घ्या, दिशा कळायला बरी पडते. दुसऱ्या दिवसापासून मात्र साधी बस. लंडनच्या डबल डेकरमध्ये वरच्या मजल्यावर अगदी पुढची सीट मिळाली तर त्यासारखं बघणं नाही, झाडांच्या फांद्या काचेला घासतात, पहिल्या मजल्यावरच्या खिडक्यांमधून ऑफिसं दिसतात, आणि लाइनच्या शेवटच्या स्टॉपपर्यंत बसून राहिलं की शहर कसं बदलत जातं ते आपोआप समजतं, आधी दगडी इमारती, मग विटांच्या घरांच्या रांगा, मग बागा मोठ्या होत जातात.

न्यूयॉर्कला स्टॅटन आयलंड बेटावर जाणारी फेरीबोट आहे, 24 तास चालते, तिकीट नाही, पंचवीसेक मिनिटांचा प्रवास. ती स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या बेटाला लागत नाही, नुसती समोरून जाते, त्यामुळे यादीवाले दुसरी बोट घेतात. पण या फेरीत संध्याकाळी कामावरून घरी जाणारी माणसं असतात. सगळे टुरिस्ट एका बाजूच्या कठड्याला गोळा होतात आणि दुसऱ्या बाजूला एक बाई बूट काढून, पाय समोरच्या बाकावर टाकून झोपलेली असते, तिला त्या पुतळ्याचं काहीही पडलेलं नसतं. मला तो पुतळा जितका आठवतो तितकीच ती बाईसुद्धा आठवते.

टोकियोचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथे यामानोते नावाची गोल फिरणारी रेल्वे लाइन आहे, 34.5 किलोमीटरचं वर्तुळ, 30 स्टेशनं, साधारण तासाभरात एक फेरा. टुरिस्ट मोजून पाच-सहा स्टेशनांवर उतरतात, शिबुया, शिंजुकू, उएनो वगैरे. मी आणि माझी भाची एकदा उगाचच ओत्सुका म्हणून एका स्टेशनला उतरलो, काही बघायचं ठरलेलं नव्हतं. बाहेर आलो तर रेल्वेच्या पुलाखालून एका डब्याची ट्राम चाललेली! टोकियोत एके काळी ट्रामचं जाळं होतं, मोटारी वाढल्यावर ते बंद करत आणलं, त्या सरकारी ट्रामपैकी ही एकच लाइन उरलीय, बारा किलोमीटरची. बसलो त्यात. ती चालते लोकांच्या घरांच्या अगदी मागच्या अंगाने, वाळत घातलेले कपडे, कुंड्या, टेकवून ठेवलेल्या सायकली, इतकं जवळ की संकोच वाटावा. आत म्हाताऱ्या बायका आणि शाळेची पोरं. एक आजी चढल्या तशी एक मुलगा काही न बोलता उठून दाराशी जाऊन उभा राहिला. पाच वाजले आणि बाहेर लाउडस्पीकरवर एक सूर वाजायला लागला, आम्ही दचकलो, पण डब्यात कुणी मानही वर केली नाही. नंतर कळलं की भूकंपाच्या वेळी सूचना द्यायला जे भोंगे बसवलेत ते चालू आहेत की नाही याची ही रोजची तपासणी, आणि पोरांना घरी जायची वेळ झाली हेही त्यातच उरकतं. जगातलं एवढं अवाढव्य शहर, आणि त्याचा कारभार असा घरगुती पातळीवर चालतो हे मला कुठल्याही टॉवरच्या टोकावरून दिसलं नसतं.

तिथे हरवायला होतं हेही खरं. बहुतेक रस्त्यांना नावंच नसतात, पत्ता असतो तो भाग, त्यातला ब्लॉक आणि त्यातली इमारत अशा नंबरांचा. म्हणून तर नाक्यानाक्यावर कोबान नावाची छोटी पोलिस चौकी असते आणि तिथल्या पोलिसांचं एक मोठं काम म्हणजे लोकांना पत्ता सांगणं. पॅरिसचे 20 वॉर्ड 1860 पासून गोगलगायीच्या शंखासारखे मधून बाहेर फिरत जातात, एकदा हे माहीत असलं की निळ्या पाटीवरचा आकडा बघून आपण मध्यापासून किती लांब आलो ते समजतं. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये 1811 च्या प्लॅनप्रमाणे रस्ते नंबरवार आहेत, हरवणं अवघड. बार्सिलोनात 1859 ला इल्देफोन्स सेर्दाने जे चौकोनी ब्लॉक आखले त्यांचे कोपरे तिरके कापलेत, त्यामुळे प्रत्येक चौक मोकळा वाटतो, पण सगळे चौक सारखेच दिसतात म्हणून तिथे मात्र मी पार गोंधळले. असली माहिती तुमच्या लेखांत का नसते? दहा जागांच्या यादीपेक्षा ही एक ओळ माणसाला जास्त मोकळं करते.

म्युझियमचंही तसंच. लंडनचं ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, टेट मॉडर्न यांचं कायमचं कलेक्शन बघायला तिकीट नाही, पॅरिसच्या महापालिकेच्या म्युझियमांचंही बहुतेक तसंच, कार्नाव्हाले तर पॅरिसच्याच इतिहासाचं म्युझियम आहे. तिकीट काढलं की माणूस पैसे वसूल करायला चार तास पाय ओढतो. फुकट असलं की एक खोली बघायची, बसायचं, निघायचं, उद्या वाटलं तर परत यायचं.

आता घाबरणाऱ्यांसाठी. बायकांनी एकटीने फिरायचं म्हणजे सावध राहायला हवंच, रात्री उशिरा अनोळखी भागात मी जात नाही, आणि कुठला भाग टाळायचा हे हॉटेलच्या काउंटरवर सरळ विचारते. हॉटेलचा पत्ता तिथल्या लिपीत लिहिलेला कागद पर्समध्ये असतो, फोनची बॅटरी संपली तरी टॅक्सीवाल्याला दाखवता येतो. पासपोर्टची झेरॉक्स वेगळी. बाकी पाय दुखले की बसायचं, पाऊस आला की थांबायचं. कंटाळाही येतो, हे कुणी लिहीत नाही. एखादी दुपार नुसती रटाळ जाते, जिकडे वळलो तिकडे बँका आणि ऑफिसं. टूरमध्ये रटाळ दुपार नसते हे मान्य करायला हवं.

एक बाजू मात्र मोकळं फिरणाऱ्यांनीही ऐकून घ्यायला हवी, कारण हल्ली 'लोकल अनुभव' हीसुद्धा विकायची वस्तू झालीय. बार्सिलोनात 116 नंबरची एक छोटी बस आहे, चढावरच्या वस्तीतल्या लोकांची, त्यात वयस्कर बरेच. ती पार्क ग्वेल या प्रसिद्ध बागेजवळून जाते हे मॅपवर दिसायला लागल्यावर टुरिस्टांनी ती इतकी भरली की तिथल्याच लोकांना जागा मिळेना, शेवटी 2024 मध्ये ती बस गूगल मॅप्सवरून काढून टाकली गेली! लिस्बनच्या 28 नंबरच्या ट्रामची तीच गत, रोजच्या वापराची ट्राम होती, आता रांगा टुरिस्टांच्या. बार्सिलोनाने 2028 च्या अखेरपर्यंत टुरिस्टांना भाड्याने देण्याच्या 10,101 फ्लॅट्सची लायसन्सं बंद करायचं जाहीर केलंय, कारण राहत्या लोकांना घरं परवडेनात. आणि मधल्या वस्तीत फ्लॅट घेऊन मी कशी तिथलीच होऊन राहिले असं कौतुकाने लिहिणारे आपण, त्या भाडेवाढीत आपलाही वाटा असतो. म्हणून मी साधं हॉटेल घेते, कामाच्या वेळी भरलेल्या बसमध्ये बॅगा घेऊन चढत नाही, आणि कुणाच्या दारातले, अंगणातले, पोरांचे फोटो काढत नाही. त्या टोकियोच्या ट्रामचा एकही फोटो माझ्याकडे नाही, भाची अजून त्यावरून टोमणे मारते.

तर विनंती अशी की पुरवणीत महिन्यातून एकदा तरी एकाच शहरावर असा लेख द्या ज्यात जागांची यादी नसेल. बस कशी पकडायची, तिकीट कुठे चालतं, पत्ते कसे वाचायचे, शहर कुठल्या दिशेने वाढलं, कुठली लाइन शेवटपर्यंत बसून बघण्यासारखी आहे, रविवारी काय बंद असतं, बसायला बाक कुठे असतात (साठीनंतर हाच प्रश्न सगळ्यात मोठा असतो हो), स्वच्छतागृहं कुठे मिळतात. टूर कंपन्यांच्या जाहिराती तुमच्याकडे येतात, त्यांनाही जमलं तर सुचवा की त्यांच्या प्रोग्रॅममध्ये 'फ्री टाइम' म्हणून शॉपिंग मॉलच्या दारात सोडतात ना, तोच वेळ एखाद्या साध्या वस्तीतल्या चौकात सोडा, दोन तासांनी इथेच भेटू म्हणा, बस. ज्यांना बसमध्ये बसून राहायचंय ते राहतील.

आणि ज्यांना एकटं फिरायची धास्ती वाटते पण ग्रुपही नको असतो त्यांच्यासाठी मधली एक सोय आहे ती जरूर छापा. 1992 मध्ये न्यूयॉर्कमध्ये बिग ॲपल ग्रीटर नावाचा उपक्रम सुरू झाला, तिथलेच रहिवासी पाहुण्यांना स्वतःच्या आवडत्या वस्तीत पायी फिरवून आणतात, तेही फुकट, टिपसुद्धा घेत नाहीत. तशीच कल्पना नंतर पॅरिस आणि इतर कितीतरी शहरांनी उचलली. फक्त आधीपासून कळवून ठेवावं लागतं, आयत्या वेळी माणूस मिळेलच असं नाही, आणि कुठली भाषा चालेल, किती चालवेल हे फॉर्ममध्ये खरं खरं लिहावं, गुडघ्यांचंसुद्धा.

कळावे,
आपली एक नियमित वाचक